१२० जणांच्या वर्गात प्रत्येकाला विचार करायला कसं लावायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या वर्षाला सर्किट थिअरी शिकवता, वर्गात १२० विद्यार्थी, आठवड्याला ५० मिनिटांचे ३ तास. 'फ्लिप्ड क्लासरूम'बद्दल वाचून तुम्ही अर्ध्या-अर्ध्या तासाचे व्हिडिओ तयार केले, 'घरून बघून या' म्हणून सांगितलं आणि तासाला चर्चा ठेवली. चार आठवड्यांनी परिस्थिती अशी, की जेमतेम एक तृतीयांश मुलं व्हिडिओ बघतात, चर्चेत पुढच्या बाकावरचे तेच पाच-सहा जण बोलतात आणि बाकीचा वर्ग गप्प बसतो. हे सगळं छोट्या वर्गांतच जमतं का, आणि आपण मुकाट्याने खडू-फळ्याकडे परतावं का, असं तुम्ही विचारलंय.

फळ्याकडे जरूर परता, पण पूर्वीच्या तासाकडे परतू नका. माझ्या मते अडचण व्हिडिओंची नाही आणि वर्ग मोठा असण्याचीही नाही. समजावून सांगण्याचं काम तुम्ही वर्गाबाहेर नेलंत, पण त्यामुळे मोकळ्या झालेल्या ५० मिनिटांत मुलांनी नेमकं काय करायचं हे ठरलंच नाही. 'चला, यावर चर्चा करू या' असं म्हटलं की ज्याला कळलंय तो बोलतो, ज्याला कळलेलं नाही तो वहीत डोकं घालतो. १२० जणांपैकी ११४ जणांच्या डोक्यात काय चाललंय याचा पत्ता तुम्हाला तेव्हाही लागत नाही आणि त्यांना स्वतःलाही लागत नाही. म्हणून खरा प्रश्न असा आहे: तासात दोन-तीन वेळा तरी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचं उत्तर ठरवून त्यावर बोट ठेवायला कसं लावायचं? एवढं साधलं तर व्हिडिओ असोत वा नसोत, फरक पडतो.

फरक पडतो हे नुसतं माझं मत नाही. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होतं, तर मुलांना वर्गात काम करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. त्याआधी १९९८ साली रिचर्ड हेक यांनी ६,५०० हून अधिक विद्यार्थ्यांचे यांत्रिकीच्या संकल्पना-चाचणीतले गुण गोळा केले होते. कोर्सच्या सुरुवातीला जे येत नव्हतं त्यातलं शेवटी किती यायला लागलं, हे त्यांनी मोजलं. व्याख्यानांच्या वर्गांत ते सरासरी २३ टक्के निघालं, सहभागी पद्धतीच्या वर्गांत ४८ टक्के. हे काही वीस-वीस जणांचे निवडक वर्ग नव्हते, त्यात मोठाले वर्गही होते.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. परीक्षेचा पेपर तुम्ही काढता की बाहेरून येतो? अभ्यासक्रमातला एखादा भाग वर्गात न घेता वाचायला द्यायची मुभा आहे का? मदतीला सहायक आहेत का? पेपर बाहेरून येत असेल आणि त्यात सिद्धता पाठ करूनच गुण मिळत असतील, तर तासाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग बदलू नका. मुलं वेळेचा हिशेब नीट करतात. परीक्षेत ज्याला गुण नाहीत त्याला ती वेळ देणार नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

आता प्रत्यक्ष पद्धत. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून ती वापरात आणली. तिला 'पीअर इन्स्ट्रक्शन' म्हणतात. ती मोठ्या वर्गासाठीच जन्मली आहे, म्हणून तुम्हाला आधी हीच सुचवते. आठ-दहा मिनिटं फळ्यावर नेहमीसारखं शिकवा. मग पडद्यावर एकच बहुपर्यायी प्रश्न दाखवा, त्यात आकडेमोड शक्यतो नको. दीड ते दोन मिनिटं पूर्ण शांतता. मग सगळ्यांनी एकाच वेळी उत्तर दाखवायचं. मग तीन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायचं, शक्यतो वेगळं उत्तर दिलेल्या शेजाऱ्याशी, आणि त्याला आपलं पटवून द्यायचं. मग पुन्हा मत द्यायचं. त्यानंतरच तुम्ही उत्तर सांगायचं, आणि बरोबर पर्याय का बरोबर याच्या जोडीला चुकीचे पर्याय का भुलवतात तेही सांगायचं. अशा एका फेरीला शिकवण्याची वेळ धरून १७-१८ मिनिटं लागतात. ५० मिनिटांत दोन फेऱ्या बसतात आणि एक उदाहरण फळ्यावर सावकाश सोडवायला वेळ उरतो. तीन फेऱ्या कोंबायला गेलात तर चर्चेची वेळ कापली जाते, आणि नेमकी तीच कापायची नसते.

पहिल्या मतदानात बरोबर उत्तरं ३० टक्क्यांहून कमी आली तर चर्चा घेऊ नका. ज्यांना कुणालाच कळलेलं नाही अशा चौघांना एकत्र बसवून त्या क्षणी फारसं हाती लागत नाही, आणि वर्ग हिरमुसतो. मागे जा, दुसऱ्या बाजूने समजावून सांगा, मग तोच प्रश्न पुन्हा विचारा. ७० टक्क्यांहून जास्त आली तर एका मिनिटात खुलासा करून पुढे चला. मधल्या पट्ट्यात चर्चेचं सोनं होतं.

पहिल्या मताचा निकाल चर्चेआधी पडद्यावर दाखवू नका. सगळ्यात उंच खांब ज्या पर्यायाचा, त्याकडे मुलं सरकतात, मग तो चुकीचा का असेना. दुसऱ्या फेरीत उत्तरं सुधारलेली दिसतात, पण ती विचाराने सुधारलेली नसतात.

हाच संशय पुढे नेऊन पुष्कळ जण विचारतात, की चर्चेनंतर उत्तरं सुधारतात ती हुशार मुलांचं ऐकून तर नाही? २००९ साली मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी आनुवंशिकीच्या मोठ्या वर्गात हे तपासलं. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा, पण वेगळ्या वेशातला दुसरा प्रश्न प्रत्येकाला एकट्याने सोडवायला दिला. मुलांनी तोही जास्त चांगला सोडवला. ज्या गटांत मूळ प्रश्नाचं बरोबर उत्तर बहुधा कुणालाच ठाऊक नव्हतं, अशा गटांतली मुलंही सुधारली. म्हणजे बोलता बोलता समज खरंच वाढते. अधूनमधून असा जोडप्रश्न तुम्हीही ठेवा. तुमचीही खात्री पटेल आणि मुलांचीही.

उत्तर दाखवायला यंत्र लागत नाही. कार्डं वापरली काय नि क्लिकर (बटण दाबून उत्तर नोंदवायचं हातातलं यंत्र) वापरले काय, शिकण्यात फरक आढळत नाही, हे तुलना करून पाहिलं गेलंय. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाची चार रंगांची चार कार्डं प्रत्येकाला सत्राच्या सुरुवातीला द्या. रंगासोबत मोठं अक्षरही छापा, कारण काहींना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. 'तीन' म्हटल्यावर कार्ड छातीशी धरायचं, डोक्यावर नाही. डोक्यावर धरलं की मागच्यांना पुढच्यांची उत्तरं दिसतात. १२० कार्डं मोजत बसू नका, नजरेने 'निम्मे', 'एक तृतीयांश' एवढं कळलं तरी निर्णय घेता येतो. नोंद हवी असेल तर मोबाइलवर फोटो काढून नंतर मोजा. मोबाइलवरच्या मतदानाने मोजणी आपोआप होते आणि उत्तरं गुप्त राहतात, पण १२० मोबाइल एकदा हातात आले की ते खाली ठेववणं हे वेगळंच काम होऊन बसतं. मी कार्डंच पसंत करते.

या पद्धतीचा जीव प्रश्नात आहे. वेळापत्रक, कार्डं, गट सगळं जागेवर आणि प्रश्न फुसका असेल, तर तास वाया जातो. तुमच्याच विषयातला एक प्रश्न उघडून दाखवते.

आतला रोध शून्य धरलेली १२ व्होल्टची बॅटरी. तिला दिवा १ आणि त्याच्या पुढे दिवा २ व दिवा ३ यांची समांतर जोडी, असं एकसरीत जोडलंय. तिन्ही दिवे सारखे, आणि त्यांचा रोध बदलत नाही असं धरू. आता दिवा ३ काढून घेतला. उरलेल्या दोघांचं काय होईल? पर्याय अ: दोन्ही पूर्वीइतकेच प्रखर. पर्याय ब: १ तेवढाच, २ जास्त प्रखर. पर्याय क: १ मंद, २ प्रखर. पर्याय ड: दोन्ही मंद.

बरोबर उत्तर क. आधी समांतर जोडीचा रोध एका दिव्याच्या निम्मा होता, म्हणून दिवा १ वर ८ व्होल्ट आणि जोडीवर ४ व्होल्ट पडत होते. जोडी मोडल्यावर दोघांवर ६-६ व्होल्ट. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते, म्हणून दिवा १ ची शक्ती ६४ वरून ३६ च्या प्रमाणात उतरते आणि दिवा २ ची १६ वरून ३६ ला चढते. हे गणित तुमच्या वर्गातल्या बहुतेकांना येतं. गणित घालून विचारलंत तर बरोबर सोडवतील. गणित काढून घेतलं की मात्र वर्ग चार ठिकाणी विभागतो.

प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ठरलेली समजूत आहे. 'अ' निवडणाऱ्याने 'समांतर शाखा एकमेकींपासून स्वतंत्र असतात' हे वाक्य पाठ केलेलं असतं. शाखा थेट आदर्श बॅटरीवर असतील तेव्हाच ते खरं, ही अट त्याच्या लक्षात राहिलेली नसते. 'ब'वाला बॅटरीला ठरावीक करंट देणारी वस्तू समजतो: दिवा ३ चा करंट आता २ ला मिळणार, आणि १ तर 'आधी येतो', त्याला काय फरक पडणार! ही समजूत किती पसरलेली आहे, हे वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लिलियन मॅक्डरमॉट आणि पीटर शॅफर यांनी १९९२ सालीच तपशिलाने मांडलंय. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 'ड'. तो चांगल्या विद्यार्थ्याचा अर्धवट विचार आहे. दिवा काढला, एकूण रोध वाढला, एकूण करंट घटला, इथपर्यंत बरोबर. पण घटलेला करंट आता दोघांत वाटला न जाता पूर्णच दिवा २ मधून जातोय, ही शेवटची पायरी तो गाळतो. 'ब'वाला आणि 'ड'वाला शेजारी बसले की दोघांनाही एकमेकांच्या विचारातली गाळलेली जागा सापडते. चर्चा घडते ती अशा वेळी.

म्हणून पर्याय स्वतःच्या कल्पनेने रचू नका. गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका काढा आणि एका प्रश्नाची ३० उत्तरं वाचा. पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या तीन चुका बाजूला लिहून घेतल्या, की तेच तुमचे पर्याय. उत्तरपत्रिका नसतील तर तोच प्रश्न एकदा पर्यायांशिवाय विचारा, चिठ्ठीवर दोन ओळींत उत्तर लिहून घ्या आणि पुढच्या तासाला त्यातूनच पर्याय करून आणा. तुम्हाला-मला 'असं कोण म्हणेल?' वाटणारी उत्तरं त्यात निघतात, आणि दहा-पंधरा जणांनी तीच दिलेली असतात.

पहिल्या महिन्यात ठरावीक गोष्टी बिघडतात. शांततेची दोन मिनिटं शिक्षकालाच सोसवत नाहीत, तो बोलत राहतो, सूचना देतो आणि सूचनेतच उत्तर फुटतं. तोंड बंद ठेवा, घड्याळाकडे बघा. चर्चा सुरू असताना व्यासपीठावर उभे राहू नका, तीन-चार ठिकाणी जाऊन नुसतं ऐका. कुणी 'बरोबर आहे ना?' विचारलं तर 'शेजाऱ्याला पटलं का?' एवढंच म्हणा. चर्चेचा आवाज आधी चढतो, मग उतरायला लागतो. तो निम्म्यावर यायच्या आत थांबवा, पूर्ण ओसरेपर्यंत थांबलात तर वर्ग सिनेमा आणि क्रिकेटवर गेलेला असतो. आणि दुसऱ्या मतानंतर उत्तर सांगताना आधी चुकीच्या पर्यायाची बाजू घ्या: 'ड का बरोबर वाटतो, कोण सांगेल?' स्वतः ड निवडलाय असं कबूल न करता त्याबद्दल बोलायची ही सोय असते, म्हणून एरवी गप्प असणारी मुलंही तोंड उघडतात.

आता तुमच्या व्हिडिओंकडे वळू. ते न बघण्याचं मोठं कारण बहुधा असं आहे, की न बघता आलं तरी चालतं. ३५ टक्के मुलंच बघून आली आहेत असं दिसलं, की आपण 'थोडक्यात' म्हणून सगळं पुन्हा शिकवतो. मग जी बघून आली ती कंटाळतात, पुढच्या वेळी तीही बघून येत नाहीत. दुसरं कारण लांबी. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंच्या लाखो नोंदी २०१४ साली तपासल्या गेल्या, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघण्याचा मध्यक सहा मिनिटांच्या आसपासच थांबतो असं दिसलं. तुमचा ३० मिनिटांचा व्हिडिओ पाच तुकड्यांत कापा, आणि त्यातले दोनच सक्तीचे ठेवा. बाकीचे उजळणीसाठी उपलब्ध असू देत. व्याख्या, चिन्हांचे संकेत आणि एक सोपं सोडवलेलं उदाहरण, एवढंच घरी पाठवा. अवघड संकल्पना वर्गातच हवी.

त्याला जोड म्हणून तासाच्या आदल्या रात्रीपर्यंत तीन छोट्या प्रश्नांची उत्तरं मागवा. पहिले दोन मजकुरावरचे, तिसरा नेहमी तोच: 'यात सगळ्यात कमी काय कळलं? काहीच अडलं नसेल तर सगळ्यात रंजक काय वाटलं?' गुण उत्तर बरोबर असण्याला देऊ नका, प्रामाणिकपणे लिहिण्याला द्या, आणि एकूण अंतर्गत गुणांच्या पाच टक्क्यांपुरतेच. १२० उत्तरं वाचायची नसतात. तिसऱ्या प्रश्नाची ३०-४० उत्तरं वीस मिनिटांत चाळून होतात, अडचणीचे दोन-तीन मुद्दे तेवढ्यात वर येतात. त्यातली एक-दोन वाक्यं नाव न देता जशीच्या तशी पडद्यावर लावून तास सुरू करा. आपण लिहिलेलं सर किंवा मॅडम वाचतात, त्यावर तास बेततात, हे कळलं की लिहिणाऱ्यांची संख्या वाढते. याला 'जस्ट-इन-टाइम टीचिंग' म्हणतात, ग्रेगर नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ते रूढ केलं.

एक सावधगिरी इथेच सांगते. 'सगळं मुलांनीच शोधून काढावं' या टोकाला जाऊ नका. नोड अॅनालिसिस (सर्किटच्या प्रत्येक जोडबिंदूचं व्होल्टेज समीकरणांनी काढायची पद्धत) पहिल्यांदाच शिकणाऱ्याच्या डोक्यात एका वेळी चिन्हं, दिशा, समीकरणं, अज्ञातं यांची इतकी गर्दी होते, की मोकळं गणित दिलं तर पद्धत लक्षात राहायला जागाच उरत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी बौद्धिक भाराबद्दल जे मांडलं त्याचा वर्गातला अर्थ हाच: नवशिक्याला आधी पूर्ण सोडवलेलं उदाहरण द्या. पुढच्या उदाहरणात शेवटची पायरी गाळा, त्यापुढच्यात शेवटच्या दोन, आणि चौथं पूर्ण त्यांच्यावर सोपवा. जसजशी हातोटी येते तसतसा हाच आधार अडगळ होतो, म्हणून सत्राच्या उत्तरार्धात तो काढून घ्या.

म्हणजे आतापर्यंतचं एकत्र पाहिलं तर: घरी सोपा भाग आणि तीन प्रश्न, वर्गात दोन फेऱ्या आणि एक नीट सोडवलेलं उदाहरण. एवढ्यावर पहिलं सत्र काढा. पुढचं सगळं त्यानंतर.

प्रयोगशाळेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या विषयात सगळ्यात जास्त वेळ तिथे वाया जातो, म्हणून लिहिते. नताशा होम्स आणि नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी ३ संस्थांतले ९ कोर्स तपासले. वर्गात शिकवलेली संकल्पना पक्की व्हावी म्हणून घेतलेल्या प्रात्यक्षिकांचा परीक्षेतल्या त्या संकल्पनेच्या प्रश्नांवर मोजण्याजोगा काहीच परिणाम दिसला नाही. आश्चर्य वाटायला नको. मुलांच्या प्रयोगाच्या जर्नलमध्ये उत्तर आधीच ठाऊक असतं, पायऱ्या छापलेल्या असतात, मुलं त्या उरकतात आणि आकडे पुस्तकाशी जुळवून टाकतात. विचार करायची वेळच येत नाही.

'किरचॉफचा नियम पडताळून पाहा' (एकसरीतल्या रोधांवरच्या व्होल्टेजची बेरीज पुरवठ्याइतकीच येते, हा तो नियम) याऐवजी असं करा. १० व्होल्टच्या पुरवठ्यावर १ किलोओहमचे दोन रोध एकसरीत जोडायला सांगा. प्रत्येकावरचं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजायचं, दोन्हींची बेरीज करायची. बेरीज १० येते, सगळे खूश. आता तेच १ मेगाओहमच्या दोन रोधांवर करायला सांगा. नेहमीच्या डिजिटल मीटरचा आतला रोध १० मेगाओहम असतो. तो समांतर लागला की १ चा ०.९१ होतो आणि मीटर ५ ऐवजी सुमारे ४.७६ दाखवतो. दुसऱ्यावरही ४.७६. बेरीज ९.५२! 'किरचॉफ चुकला का?' एवढा एकच प्रश्न विचारा आणि पुढे काहीही सांगू नका.

पहिलं उत्तर नेहमी 'रोधाच्या टॉलरन्समुळे', म्हणजे छापील किमतीपेक्षा तो थोडा कमी-जास्त असल्यामुळे, असं येतं. तेव्हा एवढंच विचारा: रोध पाच टक्के इकडेतिकडे असले तर दोन्हींवरची वाटणी बदलेल, पण बेरीज बदलेल का? मग कुणी पुरवठाच मोजून बघतं, तो १० च असतो. कुणी दोन मीटर एकदम लावून बघतं, तेव्हा दोन्ही मिळून परत १० दाखवतात आणि कोडं आणखी गडद होतं, कारण दोन्ही रोधांवर सारखाच भार पडलेला असतो. शेवटी कुणीतरी मीटरलाच सर्किटचा भाग म्हणून आकृतीत काढतं. ९.५२ वरून मीटरचा आतला रोध उलट काढायला सांगा, आणि १०० किलोओहमच्या जोडीसाठी बेरीज किती येईल याचं भाकीत मोजायच्या आधी लिहून घ्या. ते सुमारे ९.९५ यायला हवं. दोन तासांच्या प्रात्यक्षिकात एवढंच होतं, आणि ते पुरेसं आहे. गुण मात्र आकडा जुळण्याला देऊ नका. भाकीत आधी लिहिलं का, पहिली शंका कशी खोडली, पुढचं मोजमाप कशासाठी घेतलं, याला द्या. आकड्याला गुण ठेवलेत तर पुढच्या आठवड्यात आकडे पुन्हा 'जुळलेले' येतील.

परीक्षा तुमच्या हातात असेल तर तिचा तिसरा हिस्सा वरच्या दिवे-प्रश्नासारख्या प्रश्नांचा करा, एका ओळीच्या कारणासह. त्याशिवाय मुलं वर्गातल्या प्रश्नांकडे खेळ म्हणूनच बघतात. अंतर्गत चाचणी दोन टप्प्यांत घेणंही सोपं आहे: ४० मिनिटं एकट्याने सोडवून पेपर जमा करायचा, मग तिघा-चौघांच्या गटाने त्यातलेच निवडक प्रश्न १५ मिनिटांत पुन्हा सोडवायचे, एका गटाची एकच उत्तरपत्रिका. एकट्याचे गुण ८५ टक्के, गटाचे १५ टक्के धरा, पण गटामुळे कुणाचे गुण घटत असतील तर त्याला एकट्याचेच गुण द्या, आणि हा नियम आधीच जाहीर करा. नाहीतर चांगले गुण मिळवणारी मुलं पहिल्याच चाचणीला तक्रार घेऊन येतील. एरवी निकाल लागेपर्यंत थंड होणारी उत्सुकता इथे पेपर दिल्याक्षणी कामाला येते.

मुलांचा विरोध होईल. 'तुम्ही शिकवत नाही, आम्हालाच करायला लावता' हे ऐकावं लागेल. २०१९ साली हार्वर्डमध्ये लुई देलॉरिए आणि सहकाऱ्यांनी एकाच मजकुरावर दोन प्रकारचे तास घेतले. काम करायला लावलेल्या गटाने चाचणीत जास्त गुण मिळवले, तरी आपण कमी शिकलो असं त्याच गटाला वाटलं. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं, स्वतः धडपडताना आपलं न कळणं उघडं पडतं. हे पहिल्याच तासाला पाच मिनिटं देऊन मुलांना मोकळेपणाने सांगा, आणि पहिल्या चाचणीनंतर त्यांचेच गुण दाखवून पुन्हा सांगा. सत्राच्या शेवटी येणाऱ्या विद्यार्थी-अभिप्रायात पहिल्या वर्षी तुमचा आकडा थोडा उतरू शकतो, याची कल्पना विभागप्रमुखांना आधी देऊन ठेवा. नंतर दिलेला खुलासा सबबीसारखा ऐकू येतो.

परिणाम झाला की नाही हे अभिप्रायावरून ठरवू नका, मोजा. सर्किटसाठी 'डायरेक्ट' नावाची २९ प्रश्नांची संकल्पना-चाचणी २००४ पासून उपलब्ध आहे. पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात तीच घ्या, गुण न देता. शेवटच्या सरासरीतून पहिली वजा करा आणि आलेल्या आकड्याला, पहिल्या वेळी जेवढे टक्के कमी पडले होते त्याने भागा. ४० वरून ५४ वर गेलात तर १४ भागिले ६०, म्हणजे ०.२३, हेक यांच्या व्याख्यानांच्या वर्गांइतकंच. ४० वरून ६९ वर गेलात तर ०.४८, त्यांच्या सहभागी वर्गांइतकं. चाचणीतले प्रश्न वर्गात सोडवून घेऊ नका आणि कागद परत गोळा करा, नाहीतर पुढच्या वर्षीपासून तिचा उपयोग संपतो.

येत्या सोमवारपासून करायचं तर पूर्ण कोर्स बदलायला घेऊ नका. पुढचं एकच प्रकरण निवडा, समजा थेवेनिनचा सिद्धांत (गुंतागुंतीच्या सर्किटऐवजी एक स्रोत आणि एक रोध धरायची रीत). त्याच्या सहा तासांसाठी बारा प्रश्न लागतील. रविवारी बसून चार तयार करा, बाकीचे तासागणिक होतील. एक प्रश्न रचायला सुरुवातीला पाऊण तास जातो, हे गृहीत धरा. प्रत्येक प्रश्न एका कार्डावर लिहा आणि तास संपल्यावर मागच्या बाजूला तीन आकडे टिपा: पहिल्या मतात बरोबर किती, दुसऱ्यात किती, चर्चेला किती मिनिटं लागली. पहिल्याच मतात ८५ टक्के बरोबर आलेला प्रश्न पुढच्या वर्षी गृहपाठात जाईल. दोन्ही मतांत आकडा हललाच नाही, तर बहुतेक वेळा भाषा संदिग्ध असते. दोन मुलांना बोलावून तो मोठ्याने वाचायला सांगा, अडखळण्याची जागा लगेच कळते. थेवेनिनचे बारा झाले की इथे पुन्हा लिहा, आकड्यांसकट. कुठले ठेवायचे, कुठले बदलायचे ते एकत्र बघू.